जुन्या बॅटरीचे खोके : टाकाऊतून रसायन

बँकेच्या शाखेत पाऊल टाकले की ग्राहकाच्या नजरेस पडतात ते काउंटर, संगणक आणि टोकन क्रमांकाचा फलक. या साऱ्यांना अखंड वीज पुरविणारी यंत्रणा मात्र मागच्या एखाद्या लहानशा खोलीत मूकपणे उभी असते. लोखंडी मांडणीवर ओळीने ठेवलेल्या बॅटऱ्या आणि त्यांना जोडलेला यूपीएस, हे तिचे स्वरूप. बाहेर वीज गेली तरी रोखपालाचे काम थांबत नाही, पासबुकाची छपाई अर्धवट राहत नाही, याचे श्रेय या बॅटऱ्यांना द्यावे लागेल. काही वर्षांनी त्यांचे आयुष्य संपते, नव्या बॅटऱ्या येतात आणि जुन्या निघून जातात. त्या कोठे जातात, हा प्रश्न आपल्यापैकी फारच थोड्यांना पडतो. मलाही तो अनेक वर्षे पडला नव्हता.

उत्तर भारतातील एका शहरातील शाखेत माझी नेमणूक असताना सोळा जुन्या ट्यूब्युलर बॅटऱ्या काढून टाकण्याची वेळ आली. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये घसारा वजा जाता त्यांची किंमत नाममात्र एक रुपया उरली होती. रीतसर कोटेशने मागविली. दोन आली. एक होते शासनाकडे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण कारखान्याचे आणि दुसरे बाजारपेठेतील भंगारवाल्याचे. भंगारवाल्याचा दर किलोमागे काही रुपयांनी अधिक होता, शिवाय त्याच दिवशी माल उचलण्याची आणि रोख पैसे देण्याची त्याची तयारी होती. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला अशा वेळी निर्णय घेण्यास कितीसा वेळ लागणार? टिपण तयार करण्यापूर्वी मी त्याला केवळ कुतूहल म्हणून विचारले, या बॅटऱ्यांचे पुढे काय करता? तो मोकळेपणाने म्हणाला, शिसे भट्टीवर जाते आणि डबे फुटून दाणेवाल्याकडे जातात. ‘आणि आतले आम्ल?’ या प्रश्नावर तो हसला. ‘साहेब, ते तर नाल्यात जाते.’

त्या एका उत्तराने टिपण अडले. त्यानंतर या विषयावर जे वाचनात आले आणि कर्जप्रस्तावांच्या निमित्ताने जे प्रत्यक्ष पाहता आले, ते प्रस्तुत लेखात वाचकांपुढे मांडण्याचा प्रयत्न केला आहे. बॅटरीतील शिशाविषयी पुष्कळ लिहिले जाते. येथे मात्र ज्याकडे सहसा कोणी पाहत नाही त्या भागाचा, म्हणजे बॅटरीच्या प्लास्टिकचा, विचार मुख्यतः करावयाचा आहे.

बॅटरीच्या पोटात काय असते?

शिसे आणि आम्ल यांवर चालणारी, पुन्हा पुन्हा भारित करता येणारी बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी तिचे मूळ तत्त्व तेच आहे. आजच्या बॅटरीच्या एकूण वजनापैकी सुमारे साठ टक्के किंवा त्याहून अधिक वाटा शिसे आणि त्याच्या संयुगांचा असतो. त्याखालोखाल पाण्यात मिसळलेले गंधकाम्ल असते. उरलेल्या भागात प्रामुख्याने प्लास्टिक असते आणि त्याचे प्रमाण साधारणतः पाच ते दहा टक्के भरते. टक्केवारी लहान दिसते. परंतु पन्नास किलोंहून जड असलेल्या एका ट्यूब्युलर बॅटरीत ते काही किलो होते आणि देशभरातील मोटारी, ट्रॅक्टर, इन्व्हर्टर, दूरसंचार मनोरे व बँकांच्या शाखा विचारात घेतल्या की त्याचा ढीग डोळ्यांपुढे उभा राहतो.

पूर्वी बॅटरीचे खोके कठीण रबराचे असे. काळे, जड आणि आपटले तर तडकणारे ते खोके जुन्या वाचकांना आठवत असेल. इटलीचे शास्त्रज्ञ जुलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक नियमित रचनेत तयार करून दाखविले. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना आणि जर्मनीच्या कार्ल झिग्लर यांना १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हलके, चिवट आणि आम्लाला दाद न देणारे हे प्लास्टिक पुढे बॅटरी उद्योगाने स्वीकारले. आज मोटारीच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीचे खोके बहुतेक याच पदार्थाचे असते. देखभालमुक्त सीलबंद बॅटऱ्यांना पुष्कळदा एबीएस नावाचे वेगळे प्लास्टिक वापरतात.

खोक्याखेरीज आतही प्लास्टिक असते. धन आणि ऋण प्लेटा एकमेकींना टेकू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये सच्छिद्र पातळ पडदे बसवितात. हे विभाजक पडदे बहुधा पॉलिएथिलीनचे असतात आणि त्यात सिलिकाची बारीक पूड मिसळलेली असते. काही बॅटऱ्यांत ते पीव्हीसीचेही असतात. खोके आणि पडदे यांतील हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढील रासायनिक गणित त्यावरच अवलंबून आहे.

पाण्यावर तरंगणारे धन

नोंदणीकृत कारखान्यात बॅटरी प्रथम रिकामी केली जाते आणि तिच्यातील आम्ल टाक्यांत साठविले जाते. नंतर बंदिस्त यंत्रात जड हातोड्यांखाली तिचे तुकडे होतात आणि ते सारे मिश्रण पाण्याच्या टाकीत पडते. तेथे निसर्गाचा अगदी साधा नियम कामी येतो. शिशाची घनता पाण्याच्या अकरा पटींहून अधिक आहे, म्हणून ते तळाशी जाते. पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्याच्या सुमारे नऊ दशांश आहे, म्हणून त्याचे तुकडे वर तरंगतात आणि सहज गोळा करता येतात. एबीएस पाण्याहून किंचित जड असल्याने साध्या पाण्यात बुडते. त्याला वर आणण्यासाठी पाण्यात मीठ मिसळून त्याची घनता वाढवावी लागते. लहानपणी मिठाच्या पाण्यात अंडे तरंगविण्याचा प्रयोग आपण शाळेत केला असेल, त्याचेच हे औद्योगिक रूप.

वर आलेले तुकडे पुनःपुन्हा धुऊन त्यांना चिकटलेले शिसे आणि आम्ल काढून टाकतात. मग ते वाळवून सुमारे १६५ अंश सेल्सिअसच्या वर वितळवितात आणि त्याचा बारीक दाणा पाडतात. हा दाणा पुन्हा नव्या बॅटरीच्या खोक्यात जातो. खोक्याचे पुन्हा खोके होणे, हा प्लास्टिकच्या पुनर्वापराचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सरळ मार्ग होय. त्यात ऊर्जा कमी लागते आणि नव्या कच्च्या मालाची बचत होते. जेथे हा मार्ग उपलब्ध आहे, तेथे अन्य मार्गाचा विचार करण्याचे कारण नाही.

आम्लाचाही निकाल येथेच लागतो. सोड्याच्या साहाय्याने त्याचे उदासिनीकरण केले की सोडियम सल्फेट मिळते. धुण्याची पावडर, काच आणि कापड उद्योग यांत त्याला मागणी असते. नाल्यात सोडले तर जे जमीन आणि पाणी नासवते, तेच कारखान्यात विक्रीयोग्य रसायन होते. त्या भंगारवाल्याच्या दरात आणि कारखान्याच्या दरात जो फरक होता, त्याचे एक कारण हेच. नाल्याला भाडे द्यावे लागत नाही.

मग रसायनशास्त्राची गरज कोठे भासते? प्लास्टिक प्रत्येक वेळी वितळविताना त्याची रेणूंची साखळी थोडी थोडी तुटते आणि त्याची ताकद घटते. निरनिराळ्या रंगांचे, निरनिराळ्या कारखान्यांचे तुकडे एकत्र आले की दाण्याची प्रत उतरते. विभाजक पडद्यांत सिलिका असल्याने आणि शिशाची राळ त्यांच्या छिद्रांत शिरल्याने ते वितळवून उपयोग होत नाही. असे जे उरते, ते पुष्कळदा भट्टीत इंधन म्हणून जाते किंवा अवशेष म्हणून पुरले जाते. या उरलेल्या भागासाठी रसायनशास्त्र दुसरा दरवाजा उघडते.

साखळी तोडण्याची विद्या

प्लास्टिकचा रेणू म्हणजे एकाच प्रकारच्या हजारो मण्यांची लांबलचक माळ. पॉलिप्रॉपिलीनच्या माळेतील मणी प्रॉपिलीन वायूचा असतो आणि तो वायू खनिज तेल वा नैसर्गिक वायूपासून मिळविलेला असतो. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर बॅटरीच्या खोक्यात जमिनीतून काढलेले तेल मुदत ठेवीसारखे अडकून पडलेले आहे. ते जाळले तर एकदाच उष्णता मिळते आणि मुद्दल धुरात जाते. माळ काळजीपूर्वक तोडली तर मुद्दलाचा काही भाग पुन्हा हाती येतो.

सर्वांत परिचित पद्धत म्हणजे ताप-अपघटन, ज्याला कारखान्यात पायरोलिसिस म्हणतात. प्राणवायूचा संपर्क टाळून प्लास्टिक ४०० ते ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापविले की ते पेट घेत नाही, तर त्याच्या साखळ्या तुटतात. त्यातून वायू, तेल आणि मेण मिळते. पॉलिप्रॉपिलीनपासून मिळणाऱ्या तेलात फांद्या असलेल्या हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. ते शुद्ध करून पेट्रोरसायन कारखान्यात कच्चा माल म्हणून वापरता येते. या क्रियेत झिओलाइट नावाचे सच्छिद्र खनिज उत्प्रेरक म्हणून घातले तर बेंझिन, टोल्युइन आणि झायलिन ही रंग, औषधे व कृत्रिम धागे यांची मूलद्रावणे अधिक प्रमाणात मिळतात. एबीएस तापविले तर स्टायरिन मिळते, मात्र त्यातील नायट्रोजनयुक्त संयुगांमुळे तेल शुद्ध करणे अवघड जाते. पीव्हीसीची गोष्ट आणखी वेगळी आहे. ते तापविताच हायड्रोजन क्लोराइड हा क्षरणकारी वायू बाहेर पडतो, यंत्रसामग्री खातो आणि तेल बिघडवितो. म्हणून पीव्हीसीचे पडदे आधीच वेगळे काढणे अनिवार्य ठरते.

गेल्या काही वर्षांत या विद्येने बरीच मजल मारली आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखाली २०२२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात पॉलिएथिलीनसह मिश्र प्लास्टिकचे प्राणवायूने ऑक्सिडीकरण करून त्याची लहान लहान सेंद्रिय आम्ले बनविली गेली आणि ती आम्ले खाऊन उपयुक्त पदार्थ तयार करणारे जिवाणू वापरले गेले. व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील गुओलिआंग लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांपासून प्रथम मेण, मेणापासून मेदाम्ले आणि मेदाम्लांपासून साबण बनवून दाखविला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील जॉन हार्टविग यांच्या गटाने २०२४ मध्ये याच दोन प्लास्टिकांचे ३२० अंश सेल्सिअसला प्रॉपिलीन आणि आयसोब्युटिलीन या वायूंत रूपांतर केले आणि उत्पादनाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या जवळ नेले. त्यासाठी त्यांनी टंगस्टन आणि सोडियम यांसारखे स्वस्त धातू उत्प्रेरकात वापरले. प्रॉपिलीन मिळाले म्हणजे माळेचा मूळ मणीच हाती आला. त्यापासून नवेकोरे पॉलिप्रॉपिलीन ओवता येते.

हे प्रयोग बॅटरीच्या प्लास्टिकवर केलेले नाहीत आणि प्रयोगशाळेपासून कारखान्यापर्यंतचा रस्ता लांबचा आहे, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. परंतु बॅटरीचे खोके पॉलिप्रॉपिलीनचे आणि पडदे पॉलिएथिलीनचे असल्याने हा रस्ता त्यांच्याही दाराशी येतो. बर्कलीच्या प्रयोगातील एक निरीक्षण आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. मिश्रणात पीव्हीसी किंवा बाटल्यांच्या पेट प्लास्टिकचा थोडासा अंश आला तरी उत्पादन लक्षणीयरीत्या घसरले. जितकी विद्या सूक्ष्म, तितका तिला कच्चा माल शुद्ध लागतो.

याच विषयातील एक सुखद योगायोगही सांगावासा वाटतो. टॉर्चमधील अल्कली सेलमध्ये जस्त असते. अर्जेंटिनातील संशोधकांनी वापरलेल्या सेलमधून झिंक ऑक्साइड मिळविले आणि पेट बाटल्यांचे मूळ रसायनात विघटन करण्यासाठी ते उत्प्रेरक म्हणून वापरले. एका कचऱ्याने दुसऱ्या कचऱ्याचे कल्याण केले. मोबाइल आणि लॅपटॉपच्या लिथियम बॅटऱ्यांच्या आवरणात पुष्कळदा पॉलिकार्बोनेट असते. योग्य द्रावणात त्याची माळ तुलनेने सहज सुटते आणि त्याचे मूळ रसायन परत मिळते. मात्र लिथियम बॅटरीच्या आत फ्लोरिनयुक्त बंधक असतो. अशी बॅटरी उघड्यावर जाळली तर हायड्रोजन फ्लोराइडसारखा घातक वायू निर्माण होतो. म्हणून ही कामे हौशी हातांची नव्हेत.

शिशाचा अडसर

वरील सर्व पद्धतींना एकच अट समान आहे, आणि ती म्हणजे प्लास्टिक स्वच्छ हवे. बॅटरीच्या प्लास्टिकला शिसे, अँटिमनी आणि गंधकाची संयुगे चिकटलेली असतात. ती नीट धुतली नाहीत तर उत्प्रेरक निकामी होतात आणि तयार तेलातही शिसे उतरते. साध्या दाण्याच्या बाबतीत धोका याहून जवळचा आहे. न धुतलेल्या खोक्याचा दाणा कोणत्या वस्तूत जाईल, यावर कोणाचेच नियंत्रण राहत नाही. ती वस्तू बादली असू शकते, खुर्ची असू शकते किंवा लहान मुलाच्या हातातील खेळणेही असू शकते.

येथे आपण मूळ प्रश्नाशी येऊन पोहोचतो. खोक्याचे भवितव्य रसायनशास्त्र ठरविते त्याच्या आधी ते कोठे फुटते यावर ठरलेले असते. बंदिस्त यंत्रात आणि पाण्याच्या टाकीत फुटले तर त्याचा दाणा होतो, तेल होते, कदाचित उद्या साबणही होईल. अंगणात कुऱ्हाडीने फुटले तर आम्ल जमिनीत, शिशाची धूळ हवेत आणि प्लास्टिकचे तुकडे भट्टीच्या तोंडात जातात. शिशाला चांगला भाव असल्याने जुनी बॅटरी उकिरड्यावर सहसा पडून राहत नाही. तिचे पुनर्चक्रण होतेच. प्रश्न उरतो तो कसे होते याचा.

त्याची किंमत कोण मोजतो, हे सेनेगल देशातील एका घटनेने जगाला दाखविले. राजधानी डाकारच्या थियारॉय-सुर-मेर या उपनगरात लोक जुन्या बॅटऱ्या फोडून आणि तेथील माती चाळून शिसे काढीत असत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तेथील अठरा बालके शिशाच्या विषबाधेने दगावली. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे होते. त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले आपल्या देशातील होती. यामागे बॅटरीखेरीज रंग, मसाल्यांतील भेसळ, भांडी अशी इतरही कारणे आहेत. तथापि असुरक्षित रीतीने होणारे बॅटऱ्यांचे पुनर्चक्रण हे त्यांतील एक प्रमुख कारण म्हणून अहवालाने नोंदविले आहे. मुलांच्या बुद्धीवर होणारा शिशाचा परिणाम भरून येत नाही आणि शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कायदा आणि त्यातील टक्केवारी

आपल्या देशात बॅटऱ्यांच्या हाताळणीविषयी २००१ मध्ये प्रथम स्वतंत्र नियम झाले. विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घ्यावी, ही पद्धत तेव्हापासूनची. त्या नियमांची जागा ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली. आता शिसे, लिथियम, जस्त अशा सर्व प्रकारच्या बॅटऱ्या त्यांच्या कक्षेत येतात. बॅटरी बाजारात आणणाऱ्या उत्पादकावरच ती आयुष्याअखेर गोळा करून तिचे पुनर्चक्रण करविण्याची जबाबदारी टाकली आहे. ग्राहकावरही कर्तव्य आहे. त्याने जुनी बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता ती संकलन, नूतनीकरण वा पुनर्चक्रण करणाऱ्याच्याच हाती द्यावयाची आहे.

या नियमांत पुनर्चक्रण करणाऱ्याने बॅटरीच्या कोरड्या वजनापैकी किमान किती द्रव्य परत मिळवावे, हेही ठरवून दिले आहे. वाहनांच्या आणि औद्योगिक बॅटऱ्यांसाठी ते प्रमाण २०२४-२५ साठी ५५ टक्के आणि २०२५-२६ पासून ६० टक्के आहे. हिशेबाची सवय असलेल्या माणसाला येथे एक गोष्ट चटकन जाणवते. शिशाच्या बॅटरीच्या कोरड्या वजनात शिशाचाच वाटा यापेक्षा मोठा असतो. म्हणजे केवळ शिसे नीट परत मिळविले तरी ही टक्केवारी पूर्ण होऊ शकते आणि प्लास्टिकला हातही लावला नाही तरी कागदोपत्री उणीव दिसत नाही. नियमांतील या प्रमाणाने शिशाची काळजी घेतली आहे. प्लास्टिकची काळजी कारखानदाराच्या विवेकावर, बाजारभावावर आणि आपल्यासारख्यांनी विचारलेल्या प्रश्नांवर अवलंबून राहते.

बँकेने काय पाहावे?

पुनर्चक्रण उद्योगाचा कर्जप्रस्ताव आता शाखांना नवा राहिलेला नाही. अशा प्रस्तावाची छाननी करणाऱ्या सहकाऱ्यांना माझ्या अल्प अनुभवातून काही सुचवावेसे वाटते. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतिपत्रे आणि नियमांखालील नोंदणी चालू मुदतीची आहे ना, हे तर पाहावेच. स्थळभेटीच्या वेळी यंत्रांबरोबर सांडपाण्याचे शुद्धीकरण संयंत्र प्रत्यक्ष चालू आहे का, हेही पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वजनाचा ताळेबंद मागावा. किती टन बॅटऱ्या आत आल्या, किती शिसे, किती प्लास्टिकचा दाणा, किती सोडियम सल्फेट आणि किती अवशेष बाहेर पडले, या दोन बाजू जुळल्या पाहिजेत. प्लास्टिकचा रकाना कोरा असेल तर ते प्लास्टिक कोठे गेले, हे विचारण्याचा अधिकार कर्ज देणाऱ्याला आहे. ज्या कारखान्यात दाण्याची विक्री वेगळी दाखविली जाते, तेथे उत्पन्नाचा एक अधिक स्रोत असतो आणि कर्जफेडीच्या दृष्टीनेही ते हिताचे ठरते.

रिझर्व्ह बँकेने हरित ठेवींविषयीची चौकट एप्रिल २०२३ मध्ये जाहीर केली आणि ती १ जून २०२३ पासून लागू झाली. अशा ठेवींची रक्कम ज्या कामांसाठी वापरता येते त्यांत कचरा व्यवस्थापन आणि प्रदूषण नियंत्रण यांचाही समावेश आहे. ठेवीदाराने विश्वासाने ठेवलेला पैसा अंगणातील भट्टीपर्यंत पोहोचू नये, ही दक्षता आपणच घ्यावयाची आहे.

ग्राहकाने काय करावे?

ग्राहक बंधुभगिनींसाठी गोष्ट याहून सोपी आहे. इन्व्हर्टरची किंवा वाहनाची नवी बॅटरी घेताना जुनी बॅटरी त्याच अधिकृत विक्रेत्याकडे द्यावी आणि बिलावर तिची वजावट लिहून घ्यावी. बॅटरी घरी उघडू नये, तिच्यातील आम्ल मोरीत ओतू नये. फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह असलेले सेल आणि मोबाइलच्या बॅटऱ्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. वेगळ्या डब्यात साठवून, टोकांना चिकटपट्टी लावून, त्या संकलन केंद्रात द्याव्यात. भंगारवाल्याचा दर दहा-वीस रुपयांनी अधिक असेल तेव्हा हा फरक कोणाच्या खिशातून येतो, एवढे स्वतःला विचारावे.

आणि आता त्या सोळा बॅटऱ्यांविषयी. अखेर मी कमी दराचे कोटेशन स्वीकारण्याची शिफारस केली. व्यवस्थापकांनी कारण विचारले आणि टिपण वाचून स्वाक्षरी केली. नोंदणीकृत कारखान्याची गाडी आली, प्रत्येक बॅटरीचे वजन झाले आणि पावती मिळाली. पुढील वर्षी लेखापरीक्षकांनी त्यावर शेरा मारलाच. अधिक दराचे कोटेशन असताना कमी दर का स्वीकारला? उत्तरादाखल मी नियमांची प्रत, कारखान्याची नोंदणी आणि वजनाची पावती जोडली. सोबत एकच वाक्य लिहिले : हा फरक शाखेचे नुकसान नसून, तो न सोसला असता तर शहरातील नाल्याकाठच्या कुटुंबांना सोसावा लागला असता. शेरा निकाली निघाला.

ती पावती आजही त्या शाखेच्या डेड स्टॉक रजिस्टरला टाचलेली असेल. आपल्या शाखेच्या किंवा घराच्या मागच्या खोलीतील बॅटरीची पाळी येईल तेव्हा वाचकांनीही अशीच एक पावती मागून घ्यावी, एवढीच विनंती.